अकरावर अडलेलं घोडं

बाबांच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम झाला आणि तिसऱ्या दिवसापासून नागपूरच्या आत्याचे फोन सुरू झाले. गुडघ्यांमुळे तिला पुण्याला येता आलं नव्हतं. "अरे, पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळलंत म्हणे. व्हिडिओ टाक की लवकर." मी म्हटलं, उद्या टाकतो. त्या 'उद्या'ला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत जे कळलं ते घरोघरी उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून लिहितोय.

माल चार ठिकाणचा होता. ठरवलेल्या शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्यातलं तीन तासांचं चित्रण, भाच्याच्या आयफोनवरचे तुकडे, मामेबहिणीच्या अँड्रॉइड फोनवरचं बाबांचं भाषण आणि शेजारच्या काकांनी मागच्या रांगेतून घेतलेली एक लांबलचक फाइल. हे सगळं आधी घरच्या नॅसवर जमा करायचं होतं. नॅस म्हणजे वाय-फायच्या राउटरला जोडलेली साठवणीची पेटी. आमची जाडजूड दिवाळी अंकाएवढी आहे, आत दोन हार्ड डिस्क, आणि घरातल्या कुठल्याही संगणकावरून किंवा टीव्हीवरून ती उघडता येते.

शूटिंगवाल्याचं चित्रण 32 जीबी भरलं. कॉपी लावली. खिडकीत आकडा आला: सेकंदाला 11.2 एमबी, आणि उरलेला वेळ 48 मिनिटं. चहा करून आलो तरी आकडा 11.2. राउटर बंद करून चालू केला, संगणक बंद करून चालू केला. आकडा ढिम्म. शेवटी लक्षात आलं, की हा ढिम्मपणाच खूण आहे. बिघडलेली वस्तू कमी-जास्त होते. इतकी ठाम राहते ती फक्त मर्यादा.

इथे बिट आणि बाइटचा घोळ निस्तरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंटरनेट विकणारे वेग बिटमध्ये सांगतात, कॉपीची खिडकी तो बाइटमध्ये दाखवते, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. रोमन लिपीत पहिल्यासाठी छोटा 'बी' आणि दुसऱ्यासाठी मोठा 'बी' एवढाच फरक. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे आपण दोन्हींना 'एमबी' म्हणतो आणि मग शंभराचं कनेक्शन घेऊन बाराच मिळतात म्हणून कंपनीला शिव्या घालतो. शंभर भागिले आठ, साडेबारा. त्यातून पत्ता-पावतीची माहिती वजा जाते आणि हातात अकरा-साडेअकरा उरतात. म्हणजे माझा 11.2 हा आकडा स्वतःहूनच सांगत होता, की वाटेत कुठेतरी शंभर मेगाबिटचा रस्ता आहे. नॅसचं तार जोडायचं भोक हजाराचं, राउटरचं हजाराचं, संगणकाचंही हजाराचं. उरली तार.

नेटवर्कच्या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या अशा चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. शंभर मेगाबिटचं फास्ट इथरनेट 1995 साली प्रमाणित झालं, त्याला यातल्या दोनच जोड्या पुरतात. 1999 साली साध्या तांब्याच्या तारेवर हजार मेगाबिट नेणारं गिगाबिट आलं, त्याला मात्र चारही जोड्या लागतात. तार जोडली की दोन टोकांची यंत्रं आपसात ठरवून घेतात, काय जमतंय. एखादी जोडी तुटलेली असली तर ती तक्रार करत नाहीत. मुकाट शंभरावर उतरतात. दिवा पेटतो, इंटरनेट चालतं, कुणालाच काही कळत नाही.

फ्लॅटमध्ये आलो तेव्हा भिंतीतून तार ओढून घेतली होती. तिचं टोक उजेडात धरलं. पारदर्शक प्लगमधून रंग मोजता येतात. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, मग दोन जागा रिकाम्या, हिरवी, मग पुन्हा दोन जागा रिकाम्या. निळी आणि तपकिरी जोडी कवचाच्या तोंडाशीच नेटकेपणाने छाटून टाकलेली. ज्याने ती बसवली त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, चार तारांवर नेट चालतंय ना? मग आठ कशाला बसवायच्या?" त्याचंही अगदी चूक नव्हतं, त्या काळच्या दहा-वीस मेगाबिटच्या कनेक्शनला चारच पुरत होत्या. दोन्ही टोकं पुन्हा कापून आठही तारा रंगाच्या क्रमाने ओळीत घेतल्या, प्लगमध्ये सारल्या, पकडीने दाबल्या. खर्च दोन प्लगचा. तीच फाइल 110च्या वेगाने पाच मिनिटांत गेली.

तेव्हापासून मला आकड्यांवरून गुन्हेगार ओळखायचा नाद लागला आहे. नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखं हे चालतं. अकराच्या आसपास ठाम असेल तर तार किंवा जुना नेटवर्क स्विच. तीस ते चाळीसच्या मध्ये थांबत असेल तर बहुतेक वेळा डिस्क यूएसबी 2च्या भोकात किंवा जुन्या केबलवर लावलेली असते. त्याची कागदावरची मर्यादा 480 मेगाबिट, प्रत्यक्षात एवढंच मिळतं. यूएसबी 3चं भोक बऱ्याचदा आतून निळं असतं, ते पाहून घ्यावं. पण राउटरच्या मागे डिस्क लावून तिलाच नॅस म्हणणाऱ्यांनी फार आशा धरू नये, कारण राउटरचा मेंदू त्या कामासाठी तोकडा असतो. आणखी एक गंमत: यूएसबी 3च्या तारेतून निघणारा रेडिओचा गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने 2012 साली यावर टिपण काढलं होतं. डिस्क राउटरला चिकटून ठेवली आणि वाय-फाय मंदावलं असं झालं तर ती हातभर लांब सरकवून पाहायची.

आकडा सारखा वर-खाली नाचत असेल तर ते वाय-फाय, त्याची फार चर्चा नको. हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं, आणि संगणक व नॅस दोन्ही वाय-फायवर असतील तर तोच माल हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून. मोठी कॉपी तारेवरून करावी.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. सुरुवातीला 110, चार-पाच जीबी झाले की धपकन तीसवर, कधी शून्यावर. लोकांना वाटतं नेटवर्क बिघडलं. खरं तर सुरुवातीचा माल नॅसच्या मेमरीत साठत असतो, म्हणजे ओसरीवर उतरवून ठेवलेला असतो. ओसरी भरली की डिस्कचा खरा वेग उघडा पडतो. आणि काही डिस्क या बाबतीत फार हळू असतात, त्यांना शिंगल्ड म्हणतात. मराठी माणसाला हे समजवायला एक शब्द पुरे: कौलारू. जागा वाचावी म्हणून माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. वाचायला अडचण नाही. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची सगळी उचलून पुन्हा बसवावी लागतात. बॅकअपसाठी एकदा भरून कपाटात ठेवायला अशी डिस्क स्वस्त आणि मस्त. नॅसमध्ये रोज लिहायला नको. दुकानदाराला 'सीएमआर की एसएमआर', म्हणजे साधी की कौलारू, एवढं विचारावं. तो गोंधळला तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावं.

आणि फोटो. पंच्याहत्तरीचे, त्याआधीच्या सहलींचे, व्हॉट्सअॅपवरून साठलेल्या सुप्रभाताचे, असे हजारो. त्यांची कॉपी बैलगाडीच्या वेगाने होते, तार कितीही नवी असो. प्रत्येक फाइलमागे उघडू का, नाव काय, लिहिलं, बंद करतो असा संवाद होतो, आणि फिरत्या डिस्कचं टोक दर वेळी नवी जागा शोधत हिंडतं. धान्याचं पोतं पाठीवर टाकून नेणं वेगळं आणि तेच धान्य मुठीमुठीने नेणं वेगळं. अशा वेळी आधी सगळ्याची एक झिप फाइल करून न्यावी.

दोष तारेचा की डिस्कचा हेच ठरत नसेल तर 'आयपर्फ' नावाचं फुकट अवजार आहे. ते एका संगणकाकडून दुसऱ्याकडे नुसतेच आकडे पाठवतं, डिस्कला हातही लावत नाही. तिथे नऊशे मेगाबिटच्या वर मिळाले की तारेला सोडून द्यायचं.

माझ्या मेहुण्याच्या जुन्या नॅसची तऱ्हा निराळी. संगणक नवा घेतला आणि पेटी दिसेनाशीच झाली. पेटी बरी होती. ती ज्या भाषेत बोलायची ती भाषा विंडोजने टाकून दिली होती. मे 2017मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने एसएमबी या त्या भाषेच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर धुमाकूळ घातला, आणि त्याच वर्षीच्या शरदातल्या विंडोज 10च्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकांत ती भाषा मुळात दिली जात नाही. नेटवर सल्ला मिळतो, ती पुन्हा चालू करा. करू नये. पेटीच्या सेटिंगमध्ये जाऊन तिलाच दुसरी किंवा तिसरी आवृत्ती शिकवावी, आणि शिकतच नसेल तर माल काढून घेऊन तिला निवृत्त करावं.

माल नॅसवर आला. आता तो यूट्यूबवर चढवायचा. इथे दुसरी अडचण उभी राहिली.

आपण विचारतो, "फॉरमॅट कुठला?" आणि उत्तर येतं, "एमपी4." हे म्हणजे डबा कुठला, स्टीलचा, असं झालं. आत काय आहे? एमपी4, एमओव्ही, एव्हीआय, एमकेव्ही, एमटीएस ही डब्यांची नावं. मात्रोस्का या एमकेव्हीच्या डब्याचं नाव तर एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून घेतलं आहे. डब्यात चित्राचा एक पदार्थ असतो, आवाजाचा दुसरा, कधी उपशीर्षकं. चित्र ज्या पद्धतीने दाबून भरलं जातं तिला कोडेक म्हणतात. 2003 सालचं एच.264 जवळपास सगळीकडे चालतं. 2013 सालचं एचईव्हीसी तेच चित्र साधारण निम्म्या जागेत बसवतं, पण सगळ्यांना ते उघडता येत नाही. 2018 सालचं एव्ही1 हक्कशुल्काच्या कटकटीतून सुटण्यासाठी काढलं. फाइलच्या नावामागचं शेपूट बदलून काही होत नाही. डब्यावरचं लेबल तेवढं खोटं होतं. 'मीडियाइन्फो' नावाचा छोटा प्रोग्रॅम डबा उघडून आतलं सगळं सांगतो. तो आधी लावावा, मग रागवावं.

या दाबण्याच्या मुळाशी एक गणित आहे, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. चित्राचे लहान चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनात ठळक काय आणि बारीक काय हे वेगळं करायचं, आणि डोळ्याला न जाणवणारं बारीक टाकून द्यायचं. 1974 साली ते ज्या तिघांनी प्रसिद्ध केलं ते तिघेही आपल्याकडचे: बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. जेपेगचा फोटो, डीव्हीडी, फोनवरचा व्हिडिओ, सगळीकडे ते किंवा त्याचं सुटसुटीत रूप असतं. कुठल्याही लग्नाच्या अल्बममध्ये या तिघांचा हात आहे, आणि त्यांची नावं आपल्या शाळेच्या पुस्तकात नाहीत, हे मला खटकतं.

तर चार डबे. शूटिंगवाल्याच्या फाइली एमटीएस. हा सोनी आणि पॅनासॉनिक यांनी 2006 साली आणलेल्या एव्हीसीएचडीचा डबा. आत चित्र एच.264च, म्हणजे पुन्हा दाबायची गरज नव्हती. 'एफएफएमपेग' हे फुकट अवजार चित्राला न शिवता एका डब्यातून दुसऱ्यात ओततं. तीन तासांचं काम काही मिनिटांत होतं आणि चित्राचा कणभरही तोटा होत नाही. ओतलं, बाबांच्या फोनवर लावून पाहिलं: चित्र झकास, आवाज गायब. आवाज होता डॉल्बीच्या एसी-3मध्ये, आणि अनेक फोन व ब्राउझर तो वाजवत नाहीत. मग चित्र तसंच ठेवून फक्त आवाज एएसीमध्ये बदलला. दर वेळी सगळंच 'कन्व्हर्ट' करणाऱ्या प्रोग्रॅमांपासून लांब राहायचं ते यासाठी. दर रूपांतरात थोडं चित्र मरतं.

पण औक्षणाच्या ऐन मध्यात एक हिसका बसत होता. आईने तबक उचललं, पंच्याहत्तर ज्योती एकदम डोलल्या, आणि अर्धा सेकंद सगळं मुकं. कारण मेमरी कार्ड. त्यावर बऱ्याचदा एफएटी32 ही जुनी मांडणी असते, तिच्यात एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून कॅमेरा लांब चित्रण तुकडे करून लिहितो. तुकडा नेमका औक्षणात पडला होता. मी प्रत्येक तुकडा वेगळा बदलून मग जोडला, तिथे चुकलं. टेपवर अर्धं वाक्य कापलं गेलं तसं होतं ते. हे तुकडे मूळ रूपातच एकापुढे एक जोडायचे, आणि मग अख्खी फाइल एकदाच ओतायची. हिसका गेला.

तिथेच आणखी एक दिसलं. आई हात फिरवते तेव्हा बांगड्यांच्या कडांना कंगव्याचे दात फुटत होते. कॅमेरा जुन्या टीव्हीच्या रीतीने सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं घेत होता, एकदा विषम ओळी, एकदा सम. हलत्या वस्तूची दोन अर्धुकं एकमेकांवर जुळत नाहीत. याला इंटरलेस म्हणतात, आणि यूट्यूब स्वच्छ सांगतं की असं देऊ नका. इथे मात्र दाबण्याची क्रिया पुन्हा करावीच लागली, 'हँडब्रेक' या प्रोग्रॅममध्ये 'डीइंटरलेस'ची खूण करून.

भाच्याच्या आयफोनच्या फाइली उघडताना माझ्या संगणकाने एचईव्हीसीसाठी पैसे मागितले. 2017च्या आयओएस 11पासून ॲपल हेच कोडेक वापरतं. शिवाय आयफोन 12पासून चित्र एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला पकडणाऱ्या पद्धतीने, घेतलं जातं. ते न समजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकलं तर काकूंचा डाळिंबी शालू धुऊन वाळत घातल्यासारखा फिका दिसतो. पुढच्या वेळेसाठी भाच्याला सांगून ठेवलंय: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवड आणि एचडीआर बंद कर. त्याने "हो मामा" म्हटलं, म्हणजे करणार नाही.

मामेबहिणीच्या फोनवरच्या भाषणात सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर होते, विसाव्या मिनिटाला बाबांचं तोंड आधी हलत होतं आणि आवाज नंतर येत होता. फोन सेकंदाला ठराविक चित्रं घेत नाही, उजेड कमी झाला की आकडा घसरतो. संपादनाचा प्रोग्रॅम मात्र तीस धरून चालतो. 'हँडब्रेक'मध्ये चित्रांचा दर कायम ठेवण्याची खूण केली की हे सुधारतं.

आणि काकांची फाइल. दीड जीबी भरते, पण कुठेच उघडत नाही. काका म्हणाले, बॅटरी संपली तेव्हा रेकॉर्डिंग चालू होतं. एमपी4च्या डब्यात एक अनुक्रमणिका असते, मूव्ह नावाची, कुठलं चित्र कुठे आहे ते सांगणारी. फोन ती सगळ्यात शेवटी लिहितो. त्याआधीच जीव गेला तर पानं सगळी आहेत आणि पुस्तक वाचता येत नाही. 'अनट्रंक' नावाचं अवजार त्याच फोनची दुसरी धडधाकट फाइल नमुन्याला घेऊन अनुक्रमणिका पुन्हा रचतं. काकांनी बाल्कनीतल्या कुंड्यांचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून दिला आणि त्यावरून फाइल जिवंत झाली. निघालं काय, तर समोरच्या माणसाचं डोकं आणि मागचे पंखे. असो.

चढवण्याआधी अनुक्रमणिका शेवटून उचलून सुरुवातीला ठेवून घ्यावी. याला फास्ट स्टार्ट म्हणतात आणि यूट्यूबलाही तेच हवं असतं. बाकी तिथल्या शिफारशी साध्या: एमपी4 डबा, एच.264 चित्र, एएसी आवाज 48 किलोहर्ट्झवर, 1080च्या साध्या चित्रासाठी सेकंदाला 8 मेगाबिट. खात्याची फोन नंबरने खातरजमा केलेली नसेल तर पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ घेतच नाहीत. लोक फॉरमॅट बदलत बसतात आणि अडचण ही असते. खातरजमा केलेली असेल तर 12 तास किंवा 256 जीबी, जे आधी भरेल ते.

वेळेचं गणित पुन्हा आठाचंच. माझ्या कनेक्शनचा चढता वेग 40 मेगाबिट, म्हणजे सेकंदाला 5 एमबी. मूळ 32 जीबी चढवायला पावणेदोन तासांच्या वर. 8 मेगाबिटने दाबून 11 जीबीच्या आत आणल्यावर छत्तीस मिनिटं. चढवल्यावर लगेच पाहिलं तर चित्र धुरकट दिसतं, कारण यूट्यूब आधी हलकी प्रत तयार करतं आणि चांगली नंतर. पहिल्या दिवशी मी घाबरून काढून टाकलं आणि पुन्हा चढवलं होतं. थोडं थांबायचं होतं, एवढंच.

बाराव्या दिवशी दुवा आत्याला पाठवला. व्हॉट्सअॅपवर नुसता व्हिडिओ पाठवला असता तर त्यांनी चेपून लापशी केली असती. पाठवायचाच झाला तर 'डॉक्युमेंट' म्हणून, दोन जीबीच्या आतला. आत्याने व्हिडिओ टीव्हीवर लावून पाहिला, दोनदा. संध्याकाळी फोन आला. ज्योती मोजल्या म्हणाली, त्र्याहत्तरच भरतात. मग म्हणाली, "आणि हो, आमच्या बेबीच्या लग्नाची कॅसेट आहे कपाटात. 1991ची. जमेल तुला?"

व्हीएचएस प्लेअर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, जुलै 2016मध्ये थांबली. मी जुन्या बाजारात चौकशी सुरू केली आहे. आत्याला सांगितलंय, कॅसेट लावून पाहू नकोस, आधी काचेतून बघ फितीवर पांढरी बुरशी आहे का.